फाशाजवळची पत्ती

तोंडावर सगळे त्यांना 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'नऊशे सोळा'. हे नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. दागिन्यांची शुद्धता तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या केंद्राचे ते प्रमुख होते, आणि बावीस कॅरेटच्या दागिन्यावर जो आकडा उमटतो तोच त्यांच्या बोलण्यातही उठता-बसता उमटे. हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं, बाकीचं तांबं आणि चांदी. "शंभर नंबरी सोन्याचा दागिना टिकत नाही, वाकतो," ते सांगत. "माणसाचंही तेच. थोडी भेसळ हवीच. पण किती आहे ते कुठेतरी लिहिलेलं हवं."

सगळा भर त्या लिहिलेलं असण्यावर. मेहुणा म्हणाला, "मी सरळ माणूस आहे," तर हे विचारत, "कुठे उमटलंय?" बायको म्हणाली, "आज बरं वाटतंय," तर थर्मामीटर शोधू लागत. मुलगी दातांची डॉक्टर झाली तेव्हा पदवीच्या कागदावरचा विद्यापीठाचा ठसा त्यांनी भिंगाखाली धरून पाहिला, आणि मगच पेढे आणायला सांगितले.

केंद्र एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच आम्लाचा वास नाकात शिरे. दाराला दुहेरी जाळी, आत वजनकाटा, भट्टीची खोली, आणि मधोमध मायक्रोवेव्हएवढं एक्स-रे मशीन. दागिना त्यात ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. पडद्यावर सोनं किती, तांबं किती, चांदी किती ते येतं. शंका वाटली तर दागिन्याचा कण कापून भट्टीत घालायचा. पास झालेला माल लेझरखाली जातो आणि त्याच्यावर शिक्का, आकडा आणि केंद्राची खूण उमटते. नुसत्या डोळ्यांना ती धुळीसारखी दिसते.

भिंतीवर दोन पाट्या होत्या. पहिली साहेबांनीच लिहिलेली: 'शिक्का आणि सोनं यांत फरक आढळल्यास दागिना परत मिळणार नाही. तो कापून वर कळवण्यात येईल.' सराफ ही पाटी वाचत आणि खाली बघत. दुसरी पाटी पितळेची होती, आणि ती साहेबांना केंद्राच्या मालकांनी दिलेली होती, उत्कृष्ट सूचनेबद्दल.

सूचना अशी. पूर्वी शिक्का दागिन्यावर जिथे जागा सापडेल तिथे मारत. झिलई बिघडते म्हणून सराफ ओरडत, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन शिक्का शोधत बसे. साहेबांनी सुचवलं की हाराला, माळेला मानेमागच्या फाशाजवळ एक छोटी सपाट पत्ती असतेच. शिक्का तिथे मारावा. काम झटपट, झिलई शाबूत, शिक्का सगळ्यांना चटकन सापडतो. ती पत्ती एका कडीने अडकवलेली असते आणि कडी उघडायला चिमटा पुरतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. भट्टीवरच्या माणसाच्या आलं होतं. पण तोवर पितळी पाटी भिंतीवर चढली होती.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची आई एका दुपारी घरी आली. ती शिवणक्लास चालवायची. कापड सुलटं बघण्याआधी उलटं करून बघणारी बाई, आल्या आल्या सोफ्याच्या खोळीची कड परतून तिने टाके पाहिले आणि "बाहेरून शिवून घेतलंय ना?" म्हणून विचारलं. चहा झाल्यावर तिने पिशवीतून एक मखमली डबी काढली. आत मण्यांची सोन्याची माळ होती.

"सूनबाईला माझ्याकडून," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दागिना म्हणावा असा हा एवढाच. शिक्का तुमच्याच केंद्राचा आहे, व्याही. बघा हवं तर."

"हवं तर कसलं?" मुलगी म्हणाली. "भिंग खिशात घेऊन झोपतात ते."

"अहो, राहू द्या ना," बायको कुजबुजली. "पाहुण्या आहेत त्या."

तोवर भिंग डोळ्याला लागलं होतं.

शिक्का अस्सल होता. नुसता अस्सल नव्हे, ओळखीचा. सहाच्या आकड्याचं पोट किंचित तुटलेलं होतं. जुन्या लेझरच्या काचेला चरा गेला होता तेव्हाचं ते काम. साहेबांना जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी भिंग खिशात घातलं, माळ तळहातावर घेतली, आणि हात काहीतरी वेगळंच सांगू लागला. माळ हलकी होती. मणी चांगले टपोरे, रंग चोख पिवळा, पण तळहातावर जसं बसायला हवं तसं ते सोनं बसत नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. विहीणबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मुलगीही बघत होती, जरा जास्तच. दोघींचं ते बघणं त्यांनी कौतुकाच्या खात्यात जमा केलं.

"काय म्हणतोय शिक्का?" विहीणबाईंनी विचारलं.

"शिक्का अस्सल आहे," साहेब म्हणाले. शिक्क्याबद्दल ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. "फाशात मळ साचलाय. धुऊन, उजळून आणतो."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी केंद्र उघडलं. आधी पत्ती मशीनमध्ये ठेवली. पडद्यावर आलं, सोनं एक्क्याण्णव पूर्णांक सात टक्के. मग पहिला मणी ठेवला. अठ्ठावन्न पूर्णांक पाच. दुसरा, तिसरा, शेवटचा; सगळे एकाच माळेचे मणी. चौदा कॅरेट, वरून चांगला मुलामा. कोणीतरी खरी माळ मोडली होती, फासा आणि पत्ती तेवढी ठेवली होती, आणि खाली हलक्या सोन्याचे मणी ओवले होते. चिमट्याचं काम.

साहेब स्टुलावर बसले. समोर दोन्ही पाट्या होत्या.

पहिल्या पाटीप्रमाणे माळ कापायला हवी होती. म्हणजे विहीणबाईंना बोलवायचं, सांगायचं की बाई, तुम्ही सुनेला घातलेला दागिना खोटा आहे, तो मी जप्त केलाय, आणि लग्नाचं जेवण किती माणसांचं सांगू? मुलीचं लग्न तिथेच मोडलं असतं. आणि वर कळवायचं तर काय कळवायचं? की शिक्का खरा, पत्ती खरी, फक्त माळ खोटी. वरचा साहेब पहिला प्रश्न विचारणार, मग शिक्का पत्तीवर मारायची अक्कल कोणाची? त्याचं उत्तर पितळेत कोरून भिंतीवर लावलेलं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे गप्प बसायचं. पण मग मुलगी आयुष्यभर गळ्यात काय घालून फिरणार? तर बापाचा शिक्का असलेला खोटा माल. हे त्यांना जप्तीपेक्षाही जड गेलं.

शिक्का बदलता येत नव्हता. मग त्यांना वाटलं, सोनं बदलता येईल.

आता बघा, आयुष्यभर ज्या माणसाने सोनं पाहून शिक्का मारला, तो शिक्का पाहून सोनं आणायला निघाला. त्यात काही उलटं आहे असं त्यांना वाटलं नाही. शिक्का आणि सोनं जुळलं की झालं, आधी कोण आणि नंतर कोण हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

घरात बावीस कॅरेटचं सोनं म्हणजे बायकोच्या हातातल्या बांगड्या. साहेबांच्या आईच्या. जुन्या, बिनशिक्क्याच्या, पण चोख.

"अगं, या बांगड्यांवर शिक्का मारून घेतो," ते त्या रात्री जेवताना म्हणाले. "लोक हसतात. शिक्केवाल्याच्याच बायकोच्या हातात बिनशिक्क्याचं सोनं."

"इतकी वर्षं नाही हसले ते?"

"आता व्याही-विहिणी येणार-जाणार."

बायकोने साबणाच्या पाण्याने बांगड्या उतरवल्या, पुसल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. मनगटावर बांगड्यांच्या जागी गोरे पट्टे उरले.

केंद्रापासून चार गल्ल्या सोडून एक म्हातारा कारागीर होता. त्याने माळ पाहिली, बांगड्या पाहिल्या, साहेबांचं तोंड पाहिलं आणि एकच विचारलं, "पत्ती ठेवायची?"

"पत्ती ठेवायची."

"म्हणजे दागिन्याला शिक्का नाही, शिक्क्याला दागिना," म्हातारा म्हणाला आणि कामाला लागला.

मणी हुबेहूब झाले. फक्त माळ जड झाली, जेवढी ती पहिल्यापासून असायला हवी होती तेवढी. जुने मणी कारागिराने मजुरीत मागितले. साहेबांनी दिले नाहीत. तो माल बाजारात जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मजुरी रोख देऊन मणी त्यांनी पाकिटात भरले आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या भिंगांच्या मागे, ठेवून दिले.

माळ घरी आली तेव्हा बायकोने ती हातात घेतली, एकदा खालीवर केली आणि मुलीकडे दिली. "छान उजळली," एवढंच म्हणाली. बांगड्यांचं विचारलं तर साहेब म्हणाले, "रांगेत आहेत. आपल्याच माणसाचं काम पुढे घेतलं तर बरं दिसत नाही." हे त्यांच्या स्वभावाला इतकं शोभणारं होतं की पुढे कोणी काही विचारलं नाही.

लग्न पार पडलं. माळ मुलीच्या गळ्यात शोभली. कोणी फाशाजवळची पत्ती उलटून पाहायचा अवकाश, साहेब दुरूनच ताठ उभे राहत.

काही महिन्यांनी विहीणबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताटं उचलली, गप्पा रंगल्या, आणि विहीणबाई पदराला हात पुसत साहेबांसमोर येऊन बसल्या.

"व्याही, एक पाप पोटात आहे. आज ओकते."

"जेवणानंतर?" जावई म्हणाला.

"तू गप्प बस. व्याही, ती माळ. तिची फक्त पत्ती खरी आहे. मणी चौदा कॅरेटचे."

साहेबांच्या हातातली बडीशेप हातातच राहिली.

विहीणबाईंनी सगळं सांगितलं. त्यांच्या यजमानांनी बर्फाचा कारखाना काढला होता आणि पैसे पाण्यात गेले, अक्षरशः. वीज गेली की माल नाल्याला लागायचा. त्यात खरी माळ मोडली. गल्लीतल्या एका कारागिराने तशाच दिसणाऱ्या मण्यांची माळ करून जुनी पत्ती तिला अडकवून दिली. "म्हणाला, चौदाचे आहेत ताई, कोणाला कळणार नाही. मेल्याने त्यातही मारलं असेल, मला खात्री आहे. पण मी हे लपवलं नव्हतं हो. सूनबाईला आधीच सांगितलं होतं. ब्लाउजचं माप घेताना."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं.

"सांगितलं होतं त्यांनी," मुलगी म्हणाली. "मीच म्हटलं, बाबांना सांगू नका. ते भिंग लावतील, मशीन लावतील, ओळखतील आणि मला बाजूला घेऊन बोलतील. मग मी त्यांना समजावते. मी वाट बघत होते, बाबा. तुम्ही माळ घेऊन आलात आणि म्हणालात, चोख आहे."

मग जावई म्हणाला, "म्हणजे नऊशे सोळांना कळलंच नाही?" आणि जे हसू फुटलं ते आवरेना. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नऊशे सोळा कसले? आजपासून आमचे व्याही पाचशे पंच्याऐंशी!" चौदा कॅरेटचा शिक्का तोच असतो.

साहेबही हसले. दुसरं काय करणार? खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की मला पहिल्या क्षणी कळलं होतं. म्हणजे विहीणबाईंनी आज मोकळ्या मनाने जे कबूल केलं ते मी इतके महिने मनात धरून होतो. शिवाय जप्त करायचा माल मी गुपचूप बदलला. शिवाय बायकोच्या बांगड्या. बायको समोरच बसली होती, मोकळ्या मनगटांनी सुपारी कातरत. ती हसत नव्हती, पण ती एरवीही कमीच हसे.

गोष्ट घरात राहिली असती तर ठीक. पण शिवणक्लासमध्ये गेलेली गोष्ट टाक्यासारखी पुढे सरकते. आठवडा उलटला नाही तोच सराफ बाजारात ती पोहोचली. सराफ आता पहिली पाटी वाचून खाली बघेनासे झाले. एकाने तर तपासणीला माल देताना प्रेमाने विचारलं, "साहेब, चष्म्याचा नंबर केव्हा बघितला होता?"

मुलगी काही चेष्टा करत नसे. पण पूर्वी ती रुग्णांचे किस्से सांगायला वडिलांकडेच यायची, आता आईशी बोलून परत जायची. साहेबांना बाजाराचं हसणं सोसलं. हे सोसेना.

वर्षाच्या शेवटी विहीणबाईंना दोन शाळांच्या गणवेशाचं काम मिळालं. पैसे हातात येताच त्या सुनेला घेऊन थेट साहेबांच्या घरी आल्या.

"माळेचे मणी बदलते. चौदाचे मोडीत घालून, वर पैसे भरून, बावीसचे घेते. सुनेच्या गळ्यात अस्तर एक आणि कापड दुसरं, मला झोप येत नाही. तुम्ही चला, व्याही. आणि या वेळी शिक्का पत्तीवर नको, मण्यावर मारा."

बायकोच्या बांगड्या चौदाच्या भावाने मोडीत निघाल्या होत्या.

"कशाला घाई? राहू द्या की तशीच. चांगली दिसते."

"दिसते!" विहीणबाई मुलीला म्हणाल्या. "ऐकलंस? पाचशे पंच्याऐंशी बोलतायत."

सराफ ओळखीचा होता. त्याचा माल दर आठवड्याला केंद्रात येई. विहीणबाईंनी माळ गादीवर ठेवली आणि सरळ माणसं करतात तीच चूक केली. विचारण्याआधीच सांगून टाकलं. "मणी चौदाचे आहेत. पत्तीवर जाऊ नका."

सराफाने मणी कसोटीच्या दगडावर घासला, रेघेवर आम्लाचा थेंब टाकला. बावीसची रेघ जशी राहते तशी ती राहिली. साहेबांना बसल्या जागेवरून दिसलं. सराफालाही दिसलं. त्याने दगड जरासा आपल्याकडे वळवला, साहेबांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत बाजारातली सगळी गोष्ट हळूहळू उजळत गेली. या माणसाला कळत नाही. हे तर सगळ्यांनाच माहीत होतं.

"बरोबर आहे ताई," सराफ म्हणाला. "चौदाच. किंबहुना चौदाला थोडे कमीच."

"बघ, मारलंच मेल्याने!" विहीणबाई म्हणाल्या.

आता गप्प बसलं की सगळं मिटत होतं. मुलीच्या गळ्यात खरं सोनं येणार होतं, शिक्काही मण्यावर बसणार होता. जाणार होत्या त्या फक्त बांगड्या, आणि त्या गेल्याचं अजून कोणाला ठाऊकही नव्हतं.

"पुन्हा घासा," साहेब म्हणाले.

"अं?"

"पुन्हा घासा. बावीस आहे ते. नऊशे सोळा."

विहीणबाईंना हसू आवरेना. "व्याही, अहो, आता तरी! मी स्वतः मोडलीय ती माळ. माझं ऐका."

"साहेब, वय कोणाला चुकलंय?" सराफ सहानुभूतीने म्हणाला.

"वयाचं नंतर बघू," साहेब उठले. "मशीनवर चला. तुम्हीही चला."

"मला दुकान आहे," सराफ म्हणाला, आणि दगड रुमालाने पुसू लागला. पुसता पुसता स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "दगडही जुना झालाय म्हणा. कधी कधी चकवतो."

केंद्रात विहीणबाईंनी अट घातली, की बटण व्याह्यांनी दाबायचं नाही. मशीनवरच्या बाईंनी माळ पेटीत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. एक्क्याण्णव पूर्णांक सहा. दुसरा मणी, तेच. विहीणबाईंनी स्वतः मधले दोन मणी बोट ठेवून दाखवले. तेच.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. साहेबांनी घसा साफ केला. आता सांगावं लागणार, कुठून सुरुवात करावी एवढाच प्रश्न होता.

"देवमाणूस!" विहीणबाई एकदम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी काही फार..." साहेब म्हणाले.

"तुम्ही नाही हो, तो कारागीर! मला म्हणाला चौदाचे, आणि ओवले बावीसचे. माझी अडचण बघून. उपकार वाटू नयेत म्हणून खोटं बोलला. आणि मी इतकी वर्षं त्याला मेला म्हणत आले!" मग दुसरी गोष्ट लक्षात येऊन त्या साहेबांकडे वळल्या. "आणि म्हणूनच तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत! खोटं काही नव्हतंच, तर बोलणार काय? आम्ही सगळे मूर्ख, आणि तुम्ही आपले ऐकून घेत होता. व्याही, माफ करा. तुम्ही नऊशे सोळाच."

अशा रीतीने, जी परीक्षा साहेब पास झाले होते तिच्यात ते वर्षभर नापास राहिले, आणि शेवटी जी दिलीच नव्हती तिच्यात पहिले आले. बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात पोहोचली. सराफ पुन्हा पाटी वाचून खाली बघू लागले. एक तर जरा जास्तच खाली.

मुलीने मशीनपाशी माळ हातात घेऊन तोलून पाहिली होती. संध्याकाळी ती आई-वडिलांकडे आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईचा हात धरून म्हणाली, "आई, तुझ्या बांगड्यांचा नंबर लागला का गं?"

"रांगेत आहेत म्हणे."

"वर्षभर?"

"शिक्का मारायला सकाळ ते संध्याकाळ पुरते," आई भाकरीसारखं सपाट बोलली, "हे मी यांच्याच तोंडून जेवताना हजारदा ऐकलंय. ज्याच्या हातात शिक्का, त्याच्याच बायकोच्या बांगड्या रांगेत? अगं, पिठाचा डबा उचलला तरी मला कळतं किती उरलंय. माळ धुवायला गेली तेव्हा मी उचलली होती, आली तेव्हाही उचलली."

साहेब दारात उभे होते. मुलगी त्यांच्याकडे वळली. दवाखान्यात ती ज्या आवाजात म्हणते त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. भिंगापासून ड्रॉवरपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्यांना कुठेच आकडे लागले नाहीत, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग तू बोलली का नाहीस?" शेवटी त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुमच्या तोंडावर कुठे काही उमटलं नव्हतं."

मुलगी हसली, आणि हसता हसता वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "सासूबाईंना सांगायला हवं."

"काही गरज नाही," आई म्हणाली. "जगात एक कारागीर प्रामाणिक निघालाय. राहू दे तिच्यापुरता." मग नवऱ्याकडे वळून, "आणि ते जुने मणी? आहेत ना?"

"आहेत. विकणार कसे? चौदाचा माल."

"मग त्याच्या बांगड्या करून द्या. हात मोकळे बरे दिसत नाहीत. व्याही-विहिणी येणार-जाणार."

बांगड्या झाल्या. साहेबांनी त्या स्वतः मशीनमध्ये ठेवल्या, स्वतः लेझरखाली धरल्या. बांगडीला पत्ती नसते. शिक्का आतल्या अंगावर बसला. पितळी पाटी भिंतीवर आहे तशीच राहिली, आणि बाकीचं काम पत्तीवर चालतं तसंच चालू राहिलं.

पुढच्या वेळी विहीणबाई आल्या तेव्हा त्यांनी चहाच्या आधी बांगड्या पाहिल्या, आणि सवयीप्रमाणे एक उतरवून घेऊन उलटी केली. साहेबांच्या खिशातून भिंग मागून घेतलं. मग भिंग खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "पाचशे पंच्याऐंशी? विहीणबाई, तुमच्या घरात?"

"हो," बायको म्हणाली आणि बांगडी परत हातात चढवली. "आमच्याकडे असतं तेवढंच लिहितात."